इंडेक्समामा

पालमच्या बसस्टँडवर उतरून "कॉम्प्युटरवाले मामा कुठं बसतात?" असं विचारलं, की पानटपरीवाला आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. तोंड उतरलेलं असलं तर म्हणतो, "हिशोब गेलाय का? मग इंडेक्समामा, मागच्या गल्लीत. फारम भरायचा आसंल तर समोर पोरं बसलेत."

उतरलेलं तोंड घेऊनच माणसं मामांकडे येतात. सुखी माणूस त्यांच्याकडे आल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. वय साठीच्या पुढं, चष्म्याला दोरी, आणि काखेत आडतवाले वापरतात तसली लाल कापडी बांधणीची लांब वही. शर्टाच्या खिशात पूर्वी फ्लॉपी असायची. साडेतीन इंची फ्लॉपी खिशाच्या मापानंच काढली आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. आता तिथं पेन ड्राइव्ह असतो, पण खिसा अजून चौकोनीच दिसतो.

ही जात मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात एकेक नग अशी सापडते. नव्वदच्या दशकात आडत दुकान, पतसंस्था, जिनिंग, शाळांची पगारबिलं, औषधाचं दुकान, सगळ्यांच्या मागं असा एक माणूस उभा असे. हिशोबाचे प्रोग्राम लिहून देणारा, कुणी क्लिपरवाला, कुणी फॉक्सप्रोवाला. नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला, गावातल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बूट काढून शिरण्याचा मान मिळालेला, आणि पुढची तीस वर्षं त्याच मानावर जगलेला. आमचे मामा फॉक्सप्रोवाले. क्लिपरवाल्यांशी त्यांचं भांडण नव्हतं, फक्त सोयरीक करण्याची तयारी नव्हती.

माझी त्यांची गाठ पडली ती एका पतसंस्थेत. मी तिथं कारकून. संस्था नुकतीच कॉम्प्युटरवर आलेली, तीन मशीन तारेनं एकमेकांना जोडलेली, आणि यूपीएस नावाची एक पेटी कोपऱ्यात. वीज गेली की ती पेटी कुत्र्यासारखी ओरडायची आणि त्यापलीकडे काही करायची नाही. एकदा ऐन वसुलीच्या वेळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर आरखेडच्या एका आजीबाईंचं बचत खातं काढलं की पडद्यावर पेठशिवणीच्या एका पुढाऱ्याचं थकलेलं ट्रॅक्टरचं कर्ज येऊ लागलं.

"माझ्या नावावर ट्रॅक्टर कामून?" आजीबाई काउंटरवर हात आपटून विचारायल्या. पुढाऱ्याकडून मात्र तक्रार आली नाही. त्याच्या खात्यावर आजीबाईंचे साडेचारशे रुपये शिल्लक दिसत होते.

मामांना निरोप गेला. मामा आले, बूट काढले, पडद्याकडे पाहिलं, आणि दारात उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यांनी बाहेर या!"

सगळे बाहेर आले. म्हणजे खरोखरच बाहेर आले. दोन कारकून, रोखपाल, शिपाई, पिग्मी एजंट, ठेवीची पावती घ्यायला आलेले एक निवृत्त गुरुजी, आणि आजीबाई. एप्रिलच्या उन्हात सगळे लिंबाखाली उभे. रोखपालानं तिजोरीची किल्ली करदोट्याला बांधलेली आहे का, हे दोनदा चाचपून पाहिलं. पाच मिनिटांनी मामाच बाहेर आले. "आवो, तुमी बाहेर कामून उभारलाव? प्रोग्रामातून बाहेर या म्हणलं मी!"

फॉक्सप्रोत इंडेक्सचा टॅग, म्हणजे नोंदी लावण्याचा एकेक क्रम, काढायचा तर टेबल एकट्याच्या ताब्यात लागतं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ते उघडं चालत नाही. याला एक्सक्लुझिव्ह म्हणतात, आणि मामांच्या तोंडी 'रामकृष्णहरी'नंतर सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द हाच. तीनही मशीनवर प्रोग्राम बंद झाला, मामांनी टेबल एक्सक्लुझिव्ह उघडलं आणि काळ्या पडद्यावर टाईप केलं, डिलीट टॅग ऑल.

आमच्या मॅनेजरसाहेबांचं इंग्रजी बेताचं होतं, पण हे तीन शब्द त्यांना एकदम कळले. विशेषतः तिसरा. ते खुर्चीवर बसले ते टेबलाचा कोपरा धरून. "मामा, ऑल?"

"ऑल."

"सगळं?"

"सगळं. पण त्यात काईच नाई." आणि मामांनी एंटर मारला.

मग मॅनेजरना पाणी देऊन मामांनी जे सांगितलं, ते मी पुढं अनेकांना सांगताना ऐकलं, शब्दही न बदलता. "साहेब, तुमच्याकडं कीर्द आसती का न्हाई? कीर्दीत नोंद कशी पडती? आली तशी. आधी चाटोरीचा आला, मग बनवसचा, मग रावराजूरचा. त्या क्रमानं. आन् खतावणीत? नावावर. ती तुमची डीबीएफ फाईल हाय ना, ती कीर्द. इंडेक्स म्हंजे खतावणी. खतावणी उंदरानं खाल्ली म्हणून पैसे बुडत्यात का? कीर्दीवरून नवी लिहायची. मी खतावणी फाडली, कीर्दीला हात लावला नाई."

उपमा सोळा आणे बरोबर नाही. खतावणीत रकमा पुन्हा उतरवतात. इंडेक्समध्ये नाव, खातेक्रमांक असलं काहीतरी आणि 'ही नोंद अमुक क्रमांकावर पाहा' एवढाच इशारा असतो. इशारा चुकला की आजीबाईंच्या दारात ट्रॅक्टर. वीज जाताना नोंद टेबलात लिहिली गेली आणि इंडेक्सचं पान मेमरीतच राहिलं, तर दोघांचा मेळ तुटतो. पण मॅनेजरना इशाऱ्यांपेक्षा खतावणी लवकर समजली, आणि मामांना एवढंच हवं होतं. त्यांनी लाल वही उघडली, बोट ठेवून एकेक ओळ वाचत सगळे टॅग पुन्हा बांधले. पडद्यावर आकडे पळाले. आजीबाईंचे साडेचारशे रुपये आजीबाईंना परत मिळाले. पुढारी चार दिवस कुणाशी बोलला नाही.

त्या वहीविषयी सांगायला हवं. फॉक्सप्रोत रिइंडेक्स नावाची एक सोपी आज्ञा आहे. एक शब्द, काम झालं. सगळे तेच करत. मामांना तिचा मनस्वी तिटकारा. कारण रिइंडेक्स काय करतं, तर कुठला टॅग कशावर बांधायचा हे त्या जुन्या, बिघडलेल्या इंडेक्स फाईलीलाच विचारतं. तिचं डोकंच फिरलेलं असलं तर ती फिरलेलंच सांगणार. "ज्यानं चोरी केली त्यालाच पंचनामा लिहायला बशिवल्यासारखं हाय ते," मामा म्हणत. त्यांची रीत म्हणजे टॅग मुळापासून काढायचे आणि कोऱ्या पाटीवर नव्याने बांधायचे. शेवटचा टॅग काढला की ती सीडीएक्स नावाची इंडेक्स फाईलच डिस्कवरून नाहीशी होते, आणि त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी फक्त गोदावरीत बुडी मारून वर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

या रीतीत एकच मेख. टॅग कशावर बांधला होता हे काढण्याआधी कुठंतरी लिहून ठेवावं लागतं. एकदा काढला की विचारायला कुणी उरत नाही. म्हणून ती वही. पालम तालुक्यातल्या यच्चयावत हिशोबांचे क्रम त्या वहीत होते. कुठल्या आडतीत शेतकरी गावाप्रमाणे लागतात, कुठल्या दुकानात औषधं कंपनीप्रमाणे, कुठल्या सावकारी थाटाच्या दुकानात थकबाकीदार रकमेप्रमाणे. वही लोकांच्या हाती पडती तर गावात बरंच काही झालं असतं. ते ती उशाखाली घेऊन झोपत. मामी म्हणत, "माझी सवत लाल लुगडं नेसती."

मामींना या पद्धतीचा अनुभव घरातही आला. एका दिवाळीला स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या म्हणून मामांनी त्या सगळ्या, म्हणजे ऑल, काढून टाकल्या आणि नव्या लिहायला बसणार तोच आडतीतून बोलावणं आलं. हे क्रम वहीत नव्हते. पिठीसाखर, सोडा, मैदा, मीठ, कॉर्नफ्लॉवर आणि तुरटीची पूड. त्या वर्षीचे शंकरपाळे मी खाल्ले आहेत. डीबीएफ शाबूत होती, एवढंच म्हणेन.

मामा चुकत नसत असं नाही. त्यांची सर्वांत गाजलेली चूक आमच्याच संस्थेच्या वार्षिक सभेत झाली. सभासदांची यादी क्रमांकानं छापायची होती. मामांनी सभासद क्रमांकाचा रकाना अंकांचा न ठेवता अक्षरांचा ठेवला होता. अक्षरांच्या रकान्यावर इंडेक्स बांधला की कॉम्प्युटर आकडे शब्दकोशासारखे लावतो. १, मग १०, मग १००, मग १०००, असं करत १९९९ पर्यंत, आणि त्यानंतर २. सभासद क्रमांक दोन होते आमचे चेअरमनसाहेब. संस्थेचे संस्थापक. यादी एकशेबत्तीस कॉलमी डॉट मॅट्रिक्सवर रात्रभर करकरत छापून निघाली, भिंतीवर लागली, आणि चेअरमनसाहेब पहिल्या पानावर आपलं नाव शोधत राहिले. दुसऱ्या पानावर नाही. पाचव्यावर नाही. विरोधी गटानं तोवर हळूच अफवा पसरवली की साहेबांचं सभासदत्व रद्द झालंय.

दुसरा कुणी असता तर माफी मागितली असती. मामा म्हणाले, "साहेब, डेटा हाय. ऑर्डर चुकली." मग आकड्यांच्या डावीकडं रिकाम्या जागा भरून सगळे आकडे सारख्या लांबीचे केले, टॅग उडवला, नवा बांधला. साहेब वर आले. पण त्या दिवसापासून साहेब सभेला येण्याआधी मामांना फोन करून विचारत, "मी कुठाय?"

पुढं विंडोज आलं आणि याद्या मराठीत हव्यात असा ठराव झाला. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट वरून मराठी आणि आतून इंग्रजी होते. टाईपरायटरसारखी आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग अक्षर, अशा क्रमानं ते साठवत. सी-डॅकच्या जिस्ट कार्डात अक्षर उच्चाराच्या क्रमानं जायचं, तिथं ही भानगड नव्हती. पण त्या कार्डासाठी खर्चाला मंजुरी कोण देणार? तेव्हा नावावर इंडेक्स बांधल्यावर किसन, गिरजाबाई, दिगंबर, निवृत्ती, विठ्ठल, शिवाजी हे सगळे आपापलं घर सोडून एका वाड्यात राहायला गेले. कॉम्प्युटरच्या लेखी त्यांचं पहिलं अक्षर एकच, वेलांटी. मामांनी टॅग सात वेळा उडवला आणि सात वेळा बांधला. आठव्यांदा त्यांनी हात टेकले आणि शेजारी रोमन लिपीत नाव लिहायचा एक रकाना वाढवला. आयुष्यात एवढा एकच पराभव त्यांनी मान्य केला, तोही वेलांटीकडून.

पण माणसाचं इमान बघा. ज्यानं हजारो टॅग उडवले, त्यानं कधी 'पॅक' केलं नाही. फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. यादी काढली की नावाआधी एक चांदणी दिसते. रिकॉल म्हटलं की ती नोंद परत उठून बसते. पॅक केलं तरच कायमची जाते. आणि 'झॅप' ही आज्ञा तर टेबल मुळापासून रिकामं करते. तिचं नाव मामा घरात काढू देत नसत, जसं रात्री सापाचं नाव काढत नाहीत. संस्थेचे मयत सभासद असे वर्षानुवर्षं चांदणी होऊन राहिले होते. आजी लहानपणी सांगायची की माणूस मेला की त्याची चांदणी होते. मी ते आमच्या सभासद नोंदीत डोळ्यांनी पाहिलं आहे. फळ्याच्या एका सभासदाचा मुलगा बापाच्या शेअरच्या पैशांसाठी अकरा वर्षांनी आला, तेव्हा मामांनी रिकॉल केलं, रक्कम दाखवली, आणि काम झाल्यावर पुन्हा डिलीट करताना क्षणभर हात जोडले.

या शास्त्राचा इतिहास मामांना तोंडपाठ आहे आणि ते तो कीर्तनासारखा सांगतात. या सगळ्याचं मूळ असलेल्या डीबेसची सुरुवात वेन रॅटलिफ नावाच्या माणसानं केली. अमेरिकेत जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, जिथून यानं अवकाशात जातात, तिथं तो कामाला. पण त्याला हे सुचलं ते ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकण्यासाठी. "म्हंजे मूळ मटक्याचं," मामा आवाज खाली आणून सांगतात. मग तो माल विकायला ॲश्टन-टेट नावाची कंपनी निघाली. तीत टेट होता, ॲश्टन नावाचा भागीदारच नव्हता. आणि पहिला माल बाजारात आला त्याचं नाव डीबेस टू, डीबेस वन नावाचं काही विकायला नव्हतंच. "बोगस सभासद आन् पहिली पावती सोडून दुसरीपासून पावतीबुक," मामा म्हणतात. "सहकार आपल्याकडंच हाय आसं समजू नका."

ओहायोच्या फॉक्स कंपनीपाशी आले की त्यांचा आवाज बदलतो. १९९१ साली फॉक्सप्रो २.० आलं. त्याआधी प्रत्येक क्रमाची वेगळी इंडेक्स फाईल ठेवावी लागे. आता एका सीडीएक्समध्ये हवे तेवढे टॅग मावू लागले, आणि रशमोर नावाच्या युक्तीनं शोध विजेसारखा धावू लागला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं फॉक्स विकत घेतली. इथं मामा थांबतात आणि चहा मागवतात. २००७ साली मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आता पुढची आवृत्ती नाही, आणि २०१५ साली उरलासुरला आधारही काढून घेतला. हे ते तेराव्याच्या दिवशी बोलावं तसं सांगतात.

मामांची विद्या खरी कळली ती एका पोरामुळं. एमएस-सीआयटी झालेला, हुशार, हात लई चालू. त्यानं मामांना चार वेळा टॅग उडवताना पाहिलं आणि ठरवलं की त्यात काय मोठंसं? शेवटी फाईलच तर जाते. एका शनिवारी त्यानं फोल्डर उघडून सगळ्या सीडीएक्स फाईली निवडल्या आणि डिलीटचं बटण दाबलं. डिस्कवर जागाही झाली म्हणून खूश. सोमवारी एकही टेबल उघडेना. प्रत्येकावर तक्रार एकच, माझा इंडेक्स कुठाय?

मामा आले. त्या दिवशी त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही, उलट पोराला शेजारी बसवलं. "बाबू, दुकानातला मुनीम काढायचा आसंल तर मालकाला सांगून काढावा लागतो. तू मालकाच्या मागं त्याला खपवला. मालक वाट बघायलाय." आज्ञा देऊन टॅग काढले की टेबल स्वतःच्या कपाळावरची नोंद पुसतं. बाहेरून फाईल उडवली तर नोंद तशीच राहते. डीबीएफच्या हेडरमध्ये, शून्यापासून मोजलं तर अठ्ठाविसाव्या बाइटात, 'मला इंडेक्स आहे' असा एक आकडा असतो. मामांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. फाईल साधी फाईल म्हणून उघडायची, अठ्ठाविसाव्या बाइटावर जायचं, तिथल्या एकाचा शून्य करायचा, बंद करायची. टेबल मुकाट उघडलं. मग वही काढली. पोरानं त्या दिवशी पहिल्यांदा मामांचे पाय धरले. आता तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि तिथंही कधी फार मोठं काही अडलं तर रात्री मामांना फोन लावतो. मामा त्याचं सगळं ऐकून घेतात, एक अक्षर कळत नाही, आणि शेवटी विचारतात, "इंडेक्स काढून पायलास का?" पोरगा म्हणतो, तीन वेळा तरी उत्तर बरोबर निघालंय.

या यशामुळंच मामांचा तोल जातो. जगातलं प्रत्येक दुखणं इंडेक्सचं आहे आणि आतला माल शाबूत आहे, यावर त्यांची श्रद्धा. पुतणीच्या लग्नात पहिल्या पंगतीला कुणी बसायचं यावरून दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली. मामा पुढं झाले आणि मांडवात ओरडले, "सगळ्यांनी बाहेर या! ऑर्डर काढून टाकू, नव्यानं लावू." पानावर बसलेली माणसं उठवली गेली. त्यात नवरदेवाचे खरेखुरे मामा होते. वाढलेल्या पानावरून उठवलं म्हणून ते जीपमध्ये जाऊन बसले. दोन तास पंगत बसली नाही. रेकॉर्ड सगळे हजर, टॅग एकही बांधता येईना. वहीत बघावं तर वहीत मानपानाचं पान नव्हतं.

आमच्या संस्थेत आता नवी प्रणाली आहे, डेटा दूरच्या कुठल्या सर्व्हरवर. ती बसवायला आलेल्या टाय लावलेल्या मुलांनी मामांकडे जुना डेटा मागितला तेव्हा मामांनी पेन ड्राइव्ह पुढं केला. त्यात नुसत्या डीबीएफ होत्या, एकही सीडीएक्स नाही. "क्रम तुमचे तुमी लावा," ते म्हणाले. मुलांनी सव्वीस वर्षांच्या नोंदी पडताळून पाहिल्या. चांदण्यांसकट एकही नोंद कमी भरली नाही.

अजूनही आडतीतल्या दोन-तीन जुन्या मशीनवर फॉक्सप्रो चालतं. सोयाबीनचा हंगाम लागला की कुणाचं तरी तोंड उतरतं आणि मामांच्या ओसरीवर चपला दिसू लागतात. तुमचंही काही अडलं तर जरूर जा, चहा मिळेल. फक्त ओसरी चढण्याआधी मोबाईल पुरता बंद करा, आणि बोलत असाल तर बोलणं संपवून घ्या. मामांना माणूस एक्सक्लुझिव्ह लागतो.